पॅनमधलं चुंबक

थंडर बेला नोव्हेंबर उजाडत नाही, नुसता करडा होतो.
अशाच एका करड्या सकाळी डोरीन वाबूस
नवऱ्यामागे उरलेली ब्युइक घेऊन आली
आणि इंजिन बंद न करताच काच खाली केली:
"बदलावं का रे, आर्वो?"

तीन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर.
गिअरबॉक्समध्ये तेल मात्र कंपनीतून आलं तेच.
इंजिनाचं ॲल्विन बदलायचा, वहीत तारीख घालून,
पण गिअरबॉक्सचा विषय निघाला की
"चालतंय ना? मग."

आमच्या धंद्यात यावर दोन पंथ आहेत.
माझे वस्ताद टॉयवो पहिल्या पंथातले.
म्हाताऱ्या गाडीचं तेल उपसू नकोस, पोरा,
क्लचची झीज त्याच तेलात तरंगतेय,
आता तो गाळच पकड देतोय.
स्वच्छ तेल घातलंस तर
ज्याच्या आधारानं चाललंय तेच धुऊन जाईल.
झाकली मूठ झाकलेलीच बरी.

मी दुसऱ्या पंथातला.
म्हणजे सोमवार ते गुरुवार.
हा शुक्रवार होता.

डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदावर टेकवली.
नवं असताना हे तेल चेरीसारखं लाल असतं.
हे विसरलेल्या चहासारखं.
वास घेतला. करपलेला नव्हता,
पण दूध तळाला लागलंय की नाही
हे ज्या वासावरून ठरवता येत नाही,
तसा.

"दर एका आड शुक्रवारी आर्मस्ट्राँगला जायचंय,
नातवाला आणायला. ऑफिसानं तारखा दिल्यात.
अडीचशे किलोमीटर, मध्ये पंप नाही, फोन लागत नाही."
"बदललं तर महिन्यात बसेल कदाचित.
नाही बदललं तरी बसेल कदाचित."
"फरक काय मग?"
"पहिल्यात दोष माझा."
ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसणाऱ्या माणसाला
खोकला येतो, तसं.
"म्हणजे तू गाडीला घाबरत नाहीयेस."

गाडी वर घेतली.
एका बाजूचे बोल्ट सैल केले, पॅन कलू दिलं,
तेल आलं कोमट, संथ, मनगटावरून कोपरापर्यंत.
पॅन उघडलं तरी निम्मंच निघतं.
उरलेलं कन्व्हर्टरमध्ये दडून बसतं,
मशीन लावून जोरानं उपसलं तरच येतं.
मी मशीन लावत नाही.
निम्मं जुनं, निम्मं नवं,
घ्या म्हणतो ओळख करून आपसात.

पॅनच्या तळाशी चुंबक असतं, बिस्किटाएवढं.
त्यावर राखाडी चिखल. चिमटीत चोळून पाहिला,
कण टोचला असता तर तिथेच थांबलो असतो.
टोचला नाही. काजळासारखा मऊ.
डोरीन लिफ्टखाली येऊन उभी, येऊ नये तिथे.
"एवढंच?"
"वीस वर्षांचं एवढंच."
निपिगॉनच्या चढावर ओढलेली बोट,
बर्फात रुतल्यावर पुढे-मागे, पुढे-मागे,
आणि दवाखान्याच्या त्या फेऱ्या;
हे मी म्हणालो नाही.
तिनं बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं,
माझ्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं
आणि चुंबक स्वतःच पुसलं, कडांपर्यंत.
"पुढचं धरायला जागा नको का त्याला?"

नवी जाळी, नवं गॅस्केट.
निघालं तेवढंच मोजून घातलं, सव्वासात लिटर.
ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर फिरवले,
प्रत्येकात थोडं थांबत.

ती निघाली तेव्हा दारात उभा राहिलो,
थंडी आत येत होती तरी.
पहिला. दुसरा.
मग दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये
एक श्वासभर काहीच नाही.
मग तिसरा.
चौथ्याच्या वेळी नेमकी मालगाडी आली.

रात्री फोन वाजला नाही. शनिवारीही नाही.
न वाजणाऱ्या फोनवर विश्वास ठेवावा
इतका काही मी भोळा नाही.

सोमवारी ब्युइक दारात. बॉनेट उघडं,
आठ-नऊ वर्षांचा पोरगा बंपरवर चढून
डिपस्टिक आपल्या बाहीला पुसतोय,
डोरीन आतून ओरडतेय, बाही, बाही!
"रंग कुठला?" मी विचारलं.
त्यानं काडी उजेडात धरली,
डावा डोळा मिटला,
घाई केली नाही.

"विटेचा," म्हणाला.